ओठ आणि आवाज

"ताटावर बसली तरी हिची नजर लॅपटॉपवरच. सांग तिला, अन्नाचा अपमान होतो," द्वारकाबाई मुलाला म्हणाल्या. केतकी समोरच होती; पण पोरानं परस्पर लग्न केल्यापासून सासू सुनेशी बोलायची ती मुलामार्फतच.

द्वारकाबाईंचं कानाचं मशीन केतकीच्याच कंपनीचं. समोरच्याचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. त्यापायी द्वारकाबाईंनी चारचौघांत बसणंच सोडलं होतं.

केतकीनं लॅपटॉपला जोडलेलं ते मशीन सोडवलं आणि त्यांच्या कानात बसवलं. "आई, आता बघा."

द्वारकाबाईंच्या हातातला घास ताटात पडला. ओठ आणि शब्द एकदम आले होते.

"काय केलं, विचार तिला," त्या कशाबशा मुलाला म्हणाल्या.

"मशीनसाठीच्या सूचना आम्ही सोप्या भाषेत लिहितो," केतकी म्हणाली. "मधला प्रोग्रॅम त्यांचं मशीनच्या भाषेत भाषांतर करतो, पण फार पाल्हाळ लावतो आणि आवाज मागे पडतो. म्हणून आवाजाच्या ओळी मी स्वतःच थेट मशीनच्या भाषेत लिहिल्या."

द्वारकाबाईंनी मुलाला हातानं बाजूला सारलं.

"मधल्याला काढायची अक्कल होती, तर माझ्याशीच थेट बोलायला तीन वर्षं का लावलीस गं? चूक तुझीच."