कीबोर्ड हवा का?

भंगारवाल्याचा टेम्पो शाळेच्या फाटकात उभा होता आणि संगणकाचे सर एकामागून एक ‘नाही’ म्हणत सुटले होते.

म्हणत म्हणजे लॅपटॉपचं बटण दाबत. भिंतीशी दहा जुने संगणक होते, सगळे तुटपुंज्या मेमरीचे. नवी सिस्टीम त्यांना झेपत नव्हती. म्हणून सर तिचा कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभारी, नव्याने बांधायला बसले होते. कमी खाणारा, अंगापुरता. पडद्यावर प्रश्न येत होते. अमुक कार्ड हवं? नाही. तमुक यंत्र जोडणार? नाही. स्टाफरूममध्ये ज्यांना सगळे होयबा म्हणत, त्या माणसाने जन्मात इतके नकार दिले नव्हते. पाचशेच्या पुढे तर त्यांना चक्क मजा यायला लागली.

चारच्या आत संगणक चालले नसते तर ते भंगारात गेले असते आणि मुलांना पुन्हा फळ्यावर खडूने काढलेला कीबोर्डच बडवावा लागला असता.

कर्नल तयार झाला. सरांनी तो पहिल्या संगणकात घातला. पडदा उजळला, नाव विचारू लागला. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दारात उभ्याच होत्या. सरांनी ऐटीत कळ दाबली. दुसरी दाबली. पडदा ढिम्म.

“झालं समाधान?” बाई म्हणाल्या. “उचला हो ते,” त्यांनी मागे उभ्या भंगारवाल्याला सांगितलं.

सरांनी लॅपटॉपवर उत्तरांची यादी उघडली. नकाराच्या भरात त्यांनी कीबोर्डलाही ‘नाही’ म्हणून टाकलं होतं! एकच उत्तर बदलायचं, पण कर्नल पुन्हा बांधायला वीस मिनिटं लागणार होती. त्यांनी ते बदललं, काम सुरू केलं. तोवर भंगारवाल्याने संगणकाला हात घातला. सर उठून मध्ये उभे राहिले.

“चारला खोली रिकामी हवी, सांगितलं होतं ना मी?”

“हो बाई,” सर म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

भंगारवाल्याने दोघांकडे पाहिलं आणि सरळ बाकावर बसून घेतलं. लॅपटॉपवर ओळींमागून ओळी सरकत होत्या, तो त्या बघत राहिला.

नवा कर्नल आत गेला आणि पडदा पुन्हा उजळला. सरांनी एक बोट पुढे केलं. अक्षर उमटलं.

सर एवढ्याने ओरडले, की शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. बाई पुढे आल्या. त्यांनीही एक कळ दाबून पाहिली, मग आणखी एक.

“आणि बाकीचे नऊ?” त्यांनी विचारलं.

“हाच कारभारी सगळ्यांना चालतो, बाई. नुसती नक्कल करायची.”

भंगारवाला डोकं खाजवत उठला. “सर, असली अठरा डबडी माझ्या गोदामात पडलीत. टेम्पो रिकामाच चाललाय. घेऊन येऊ?”

सरांनी बाईंकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“आणा,” ते म्हणाले. “आजच आणा.”