कॅसिनोची सातवी सुनावणी

"म्हणजे यानंतर एकही सुनावणी नाही?" काझिमिर वॉयतासांनी विचारलं. हातातला कॉफीचा कागदी पेला नुसताच धरलेला होता.

"नाही. आजची सातवी आणि शेवटची," लोरेटाबाई म्हणाल्या. "मंगळवारी आम्ही मत देणार. किती दिवस घोळ घालायचा?"

"घाई होतेय, मॅडम. आणखी एक घ्या ना. एकच."

समितीच्या अध्यक्षा लोरेटा गॅनन यांना आता या माणसावर हसावं की रडावं, तेच कळेनासं झालं होतं. बुटांच्या बंद कारखान्याच्या जागी कॅसिनो आला तर शहराचं भलं होईल की वाटोळं, एवढंच समितीला तोलायचं होतं. एका पारड्यात बाराशे नोकऱ्या, दुसऱ्यात कॅनाल स्ट्रीटवरची चिमुकली दुकानं आणि खाणावळी. तज्ज्ञांनी साडेतीनशे पानं लिहिली आणि शेवटी काय, तर 'दोन्ही शक्यता आहेत'. डोंबल.

वॉयतास मात्र एका गुरुवारच्या सुनावणीत कॅसिनोच्या विरोधात बोलायचे, दुसऱ्या गुरुवारी बाजूनं, तिसऱ्या गुरुवारी पुन्हा विरोधात. शेवट ठरलेला: आणखी एक सुनावणी घ्या.

"घरी कोण असतं तुमच्या?" लोरेटाबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. बायको गेली. मुलगी आहे, इथंच असते. कामात असते."

"सगळ्यांचीच मुलं कामात असतात हो." बाईंचा मुलगा डेन्व्हरहून रविवारी फोन करायचा, तोही गाडी चालवता चालवता. "इथं रांगेत उभं राहण्यापेक्षा तिला फोन करावा की."

"नऊ वर्षं करतोय. उचलत नाही." वॉयतासांनी सभागृहाच्या दाराकडे बोट केलं. "इथं निदान बोललेलं लिहून घेतात."

अरे देवा, म्हणजे या म्हाताऱ्याला कॅसिनो हवाही नाही आणि नकोही नाही. आठवड्यातून तीन मिनिटं कुणीतरी आपलं ऐकावं, एवढंच त्याला हवंय. वाईट वाटलं बाईंना फार. पण एका माणसाच्या एकटेपणासाठी अख्खं शहर कसं थांबवायचं? त्यांनी आपला कॉफीचा पेला कचऱ्यात टाकला आणि सभागृहात जाऊन बसल्या.

वॉयतासांचा नंबर एकोणिसावा होता.

"काय आजोबा, आज कुठल्या बाजूनं?" मागून कुणीतरी टोमणा मारला. लोक हसले.

त्यांनी टोपी काढली आणि नाव-पत्ता सांगितला. आडनाव अक्षर न् अक्षर सुटं करून, सावकाश. समोरच्या टेबलाशी लघुलेखिका ब्रँटबाई मान खाली घालून यंत्रावर बोटं चालवत होत्या. बाई मोठी खमकी. महापौरांनासुद्धा "सावकाश बोला" म्हणून अडवायची. वॉयतासांपायी मात्र तिला कधी त्रास नव्हता, कारण ते शाळेत शुद्धलेखन सांगावं तसे बोलायचे.

मागे चौथ्या सुनावणीत त्यांनी कॅनाल स्ट्रीटवरच्या बुटांच्या दुकानाचं काढलं होतं. "माझ्या मुलीला तिथून लाल बूट घेतले होते. पहिल्याच दिवशी तिनं ते कालव्यात भिजवले. मी तिला चारचौघांत ओरडलो. बूट काय, वाळतात. एवढं ओरडायला नको होतं."

"वॉयतास साहेब, आर्थिक परिणामांवर बोला," लोरेटाबाईंनी तेव्हा आठवण करून दिली होती.

"तेच सांगतोय, मॅडम. दुकान चांगलं चालायचं."

आज खाणावळीची पाळी होती.

"त्याच रस्त्यावर रोझाची खाणावळ होती," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तिथं माझ्या मुलीच्या लग्नाचं जेवण होतं. नव्वद पानं. मी गेलो नाही. मुलगा मला पसंत नव्हता, बाकी कारण काही नाही. मी तेव्हा बस चालवायचो. त्या दिवशी तीनदा त्या दारावरून बस नेली. खिडकीतून ती दिसत होती. थांबलो नाही. पुढं ती खाणावळ बंद पडली."

"एका माणसाच्या न जेवण्यानं खाणावळ बुडत नाही हो," समितीतले पाइक म्हणाले. हार्डवेअरचं दुकान त्यांचं, जीभही तशीच. पुन्हा हशा पिकला.

वॉयतास त्या हशातच काहीतरी पुटपुटले.

ब्रँटबाईंनी मान वर न करता हात उचलला. "शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. नोंदीसाठी पुन्हा सांगा."

वॉयतास माइकजवळ वाकले. "मी चुकलो, असं म्हणालो."

यंत्रावर बोटं चालली. लाल दिवा लागला, वेळ संपला. टोपी घालून ते निघून गेले. आणखी एक सुनावणी मागायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी सातव्या सुनावणीची टंकलिखित प्रत सहीसाठी लोरेटाबाईंच्या टेबलावर आली. कॅसिनोला बाईंचा मनातल्या मनात होकार ठरला होता. एकदा ही सही झाली की उद्या मत आणि सुटका. त्यांनी सरळ शेवटचं पान उघडलं. तिथं लघुलेखिकेचं प्रमाणपत्र असतं, दोनच छापील वाक्यांचं. वरील नोंद खरी व पूर्ण आहे, हे पहिलं. बोललेल्यांपैकी कुणाशीही माझं नातं नाही, हे दुसरं. दुसरं वाक्य नसेल तर नियमानं ती सुनावणी रद्द होते आणि पुन्हा घ्यावी लागते. आधीच्या सहाही प्रतींवर दोन्ही वाक्यं होती आणि खाली ब्रँटबाईंची सही.

या प्रतीवर दुसरं वाक्य निळ्या शाईनं खोडलेलं होतं. त्याच्या खाली हातानं लिहिलं होतं: 'एकोणिसाव्या क्रमांकाचे वक्ते माझे वडील आहेत.'