डिकीतलं वजन

हेल्मी तिची लाल स्पोर्ट्स कार भर बर्फातही चालवायची. ती गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला तिचा नवरा वेइक्को तीच गाडी घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीकडे निघाला.

"म्हाताऱ्या, वेड लागलंय का? माझ्या जीपमध्ये बस!" शेजारचा तौनो ओरडला. "जोर मागच्या चाकांना, आणि मागे वजन नाही. चढावर गरागरा फिरशील!"

"हेल्मीनं तुझ्या जीपमध्ये कधी पाय ठेवला नाही. आज काय ठेवणार?"

गाडी जराही न घसरता वर पोचली. मागोमाग आलेला तौनो बघतच राहिला. "डिकीत वाळूच्या किती गोण्या टाकल्यास रे?"

वेइक्कोनं डिकी उघडली. आत थडग्यावर बसवायचा दगड होता, हेल्मीचं नाव कोरलेला.

"गोण्या कशाला? तीच घेऊन आली मला."