पाचचा मेसेज

"कॅज्युअल म्हणजे काय, माहीत आहे का तुला?" क्लाइव्हने पॅकिंगच्या सगळ्या लाईनसमोर विचारलं.

मेले ताउफाचा अर्ज त्याच्या हातात होता. ऑस्ट्रेलियातल्या शेपार्टनजवळच्या या नासपतीच्या शेडमध्ये ती दोन वर्षं पेट्या भरत होती. आता तिला कायम व्हायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन टळण्यासारखं नव्हतं, आणि भरपगारी रजा कायम माणसालाच मिळते.

"बोलावलं की यायचं," मेले म्हणाली.

"आणि नाही बोलावलं तर?"

मेलेने पुढची पेटी ओढली.

"तर घरी बसायचं. का म्हणून विचारायचं नाही. आणि या बाईसाहेब निघाल्या कायम व्हायला!"

क्लाइव्हच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. लाईन त्याच्या हुकमात चाले आणि तो सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटे. पण कामाला वाघ, हे त्याचे वैरीही कबूल करत. चौदा वर्षांत एक खाडा नाही. आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा, ते उरकून दुपारी पेट्यांपाशी हजर. मार्चमध्ये अंगठा मोडला, तर दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून आला. असा माणूस दुसऱ्याच्या रजेवर जळणारच.

जेवणाच्या सुट्टीत त्याने अर्ज ब्रॉनीच्या टेबलावर टाकला. ही या सीझनची नवी मॅनेजर.

"हिला उद्यापासून बोलावू नकोस."

"पण कारण काय सांगू?"

"कारण कसलं गं पोरी? मेसेज पाठवायचा नाही, संपलं. कॅज्युअलला काढावं लागतच नाही."

ब्रॉनी विचारात पडली. सीझन संपत आलाय, लाईनवरचा एक माणूस कमी करायचाच आहे, असं म्हणाली. मग सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, की तू अंगठा घेऊन दवाखान्यात गेलास त्या दुपारी लाईन कोणी चालवली?

"हिनेच," क्लाइव्ह हसला. "नुसतं उभं तर राहायचं असतं."

शेडच्या पत्र्याखाली रेंज नसे. म्हणून साडेचारचा भोंगा झाला की सगळे फाटकाबाहेर गाड्यांपाशी थांबत. पाचला मेसेज आला तर उद्या काम, नाही आला तर नाही. क्लाइव्हही रोज आपल्या गाडीत काच वर करून बसून राही. मुडद्याला लोकांची पडलेली तोंडं बघायची असतात, असं बायका म्हणत.

आज मात्र त्याने काच खाली घेतली होती. मेले समोरच, दुखरा गुडघा चोळत कुंपणाला टेकून उभी होती.

पाच वाजले. एकामागून एक फोन वाजायला लागले. मेलेचाही वाजला. तिने वाचलं, डोळे पुसले, पुन्हा वाचलं.

क्लाइव्हच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही मॅनेजर पोरगी आपला शब्द मोडते म्हणजे काय! उद्या सकाळी तिला बघतोच, असं पुटपुटत त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला.

पाच वाजून सात मिनिटं झाली होती. त्याने फोन बंद करून परत चालू केला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो वाजला नव्हता.