आईचा आठवडा

साथीचा ताप आल्यामुळे जुईला खोलीबाहेर न्यायची बंदी होती, आणि कोर्टाच्या वाटणीप्रमाणे हा आठवडा तिच्या आईचा होता. म्हणून संध्याकाळी सौमित्रने हातमोजे चढवले आणि आपले हात घटस्फोटित बायकोच्या हवाली केले.

तिकडे नागपुरात शलाकाने तसलेच मोजे घातले, आणि इकडे सांगलीत तिच्या बोटांबरहुकूम त्याची बोटं आपोआप हलू लागली. ज्या बोटांना कधी साधी वेणी घालता आली नव्हती, ती जुईच्या केसांतला गुंता अलगद सोडवत होती. तो आ वासून स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला.

"आई, ओढू नकोस ना गं!" जुई बाबाच्या हातांना म्हणाली.

"झालं हं, बाळा." शलाकाचा आवाज स्पीकरमधून आला. केसांचा मऊपणा, अंगाची ऊबसुद्धा तिला मोज्यांतून तिकडे जाणवत होती.

वेणी झाली. सवयीने दोन्ही हात जुईच्या गालांवरून फिरले आणि दृष्ट काढायला स्वतःच्या कानशिलांकडे वळले. ती कानशिलं सौमित्रची आहेत, हे शलाका विसरूनच गेली.

कडाकड बोटं मोडली. जुई खुदकन हसली. हात मात्र तिथेच थबकले. आता ती ते झटक्यात काढून घेईल, या भीतीने सौमित्रने श्वास रोखला.

उजवा हात हळूच पालथा झाला आणि त्याच्या गळ्याला टेकला.

"अरे, तुलाही ताप आहे," शलाका म्हणाली. "कधीपासून अंगावर काढतोयस?"