दाराआडचा मंत्र

आतल्या खोलीत आईबाबांचे आवाज चढले, तसं आजोबांनी ते दार लावून घेतलं आणि नातीसमोर जादूगारांच्या खेळाचा पट मांडला.

"माझ्या चेटकिणीने मंत्र टाकला. अडव बघू."

"अडवला!"

"कसा? ती तर दाराआड उभी आहे. मंत्र म्हणणारा दिसला, तरच त्याचा मंत्र अडवता येतो."

"आजोबा, ही रडी झाली! चक्क पळवाट!"

"म्हणून तर नियम नीट वाचायचे असतात, बाळा."

इतक्यात आतलं दार उघडलं. बाबा मोठी बॅग घेऊन बाहेर आले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घराबाहेर पडले.

नातीने पटावरच्या चेटकिणीकडे पाहिलं. मग म्हणाली,

"आजोबा, दार तुम्ही का लावलंत?"