पन्नासावं हेल्मेट

आमच्या हेल्मेटच्या कारखान्यात तपासणी फार कडक. दर पन्नासावं हेल्मेट घणाखाली ठेवायचं. ते फुटलं, तर त्याच्या आधीची एकोणपन्नासही भंगारात.

आता पन्नासावं कुठलं, हे मोजायला काय अक्कल लागते? एकोणपन्नासावं पुढे सरकलं की कुणीतरी ओरडतं, "जावईबापू आले!" मग अस्तर लावणाऱ्या मावशी त्याला आतून दोन थर जास्तीचे देतात, कडा स्वतः दाबून बघतात. बाकीच्यांचं काय, देव तारी त्याला कोण मारी.

सात वर्षांत घणाखाली एकही फुटलं नाही. तपासणीचे साहेब दर मीटिंगला आलेख दाखवून आम्हालाच शिकवतात, "सगळी कशाला फोडायची? शितावरून भाताची परीक्षा! यालाच म्हणतात संख्याशास्त्र." आम्ही टाळ्या वाजवतो.

परवा साहेबांच्या लेकीने स्कूटर घेतली. तेव्हा साहेब पहिल्यांदाच वरच्या केबिनमधून खाली उतरले, मावशींजवळ आले आणि हळूच म्हणाले,



"मावशी, आजचं पन्नासावं घणाखाली नका देऊ. ते मला घरी न्यायचंय."